वीगन खेळाडूंचा आहार आणि ताकदीचा व्यायाम

मांस, मासे आणि अंड्यांबरोबरच दूध, दही, तूप, पनीर व मधही वर्ज्य करून, फक्त वनस्पतिजन्य अन्नावर ताकद आणि स्नायू वाढवण्याची पद्धत. १९४४ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या वीगन सोसायटीपासून ‘वीगन’ हे नाव रूढ झाले. जर्मनीचा स्ट्राँगमन (अवजड वस्तू उचलण्या-ओढण्याच्या स्पर्धांतला खेळाडू) पॅट्रिक बाबूमियान आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरलेला अमेरिकी वेटलिफ्टर केंड्रिक फॅरिस हे या आहारावर वरच्या पातळीवर खेळलेले खेळाडू. शाकाहारी घरातला खेळाडू वीगन होतो तेव्हा ताटातून प्रत्यक्षात जाते ते दूध, आणि पुढच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

नाशिक जिल्ह्यात बलोपासनेची परंपरा जुनी आहे. मल्लखांबाचे आद्य प्रवर्तक बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या वणीच्या सप्तशृंगगडावर गवसली, असे सांगितले जाते. तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. त्यातले दूध गेले की चांगली प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२ जीवनसत्त्व या तिन्ही गोष्टी एकदम कमी होतात. पहिल्या दोहोंची भरपाई जिल्ह्यातल्या धान्य-कडधान्यांतून होऊ शकते. तिसऱ्याची होत नाही.

प्रथिनांचा हिशेब

ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. वनस्पतिजन्य प्रथिने थोडी कमी पचतात, म्हणून वीगन खेळाडूने १.८ ते २ ग्रॅम धरावीत. साओ पाउलो येथील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीगन आणि मांसाहारी तरुणांना १२ आठवडे सारखाच व्यायाम आणि किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिने दिली. वीगन गटाची भर सोया प्रथिनाने पूर्ण केली. पायांच्या स्नायूंची वाढ आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच निघाली. म्हणजे प्रथिने वनस्पतीची असल्याने अडत नाही. ती पुरेशी पोटात जातात का, हे पाहावे लागते.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. कोरड्या मटकीत १०० ग्रॅमला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने असतात, पण मोड आल्यावर तिच्यात पाणी भरते आणि तेवढ्याच वजनात ती निम्म्याहूनही कमी उरतात. मोडाची मटकी काट्यावर ठेवून कोरड्याचा आकडा लावला की दिवसाचा हिशेब कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात अपुरा राहतो. शिजलेल्या डाळीचेही तेच; वाटीभर पातळ वरणात जेमतेम ५-६ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून वजन नेहमी कोरडे, भिजवण्यापूर्वी करावे.

७० किलोच्या खेळाडूला लागणारी सुमारे १२६ ग्रॅम प्रथिने नाशिकच्या जेवणात अशी बसतात. सकाळी ६० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दोन पाव आणि मूठभर शेंगदाणे: २७ ग्रॅम. दुपारी १५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी, ५० ग्रॅम तूरडाळीचे घट्ट वरण आणि ३० ग्रॅम सोया चंक्सची भाजी: ४१. व्यायामानंतर पेलाभर सोया दुधात वाटाणा किंवा सोया प्रथिनाच्या पावडरीचा एक स्कूप: ३०. रात्री ८० ग्रॅम तांदळाचा भात, ५० ग्रॅम हुलग्याच्या पिठाचे पिठले आणि १०० ग्रॅम टोफू (सोया दुधाचे पनीर): २९. पावडर नको असेल तर चंक्स आणि टोफू वाढवावे लागतात. नुसत्या डाळ-भाकरीवर हा आकडा गाठायला पोटात जागा उरत नाही.

प्रथिने अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी धान्यांत लायसिन कमी आणि डाळींत मेथिओनिन कमी. भाकरी आणि उसळ दोन्ही दिवसभरात खाल्ल्या की एकाची उणीव दुसऱ्याने भरते. दोन्ही एकाच घासात असायला हवेत हा समज चुकीचा आहे. स्नायूबांधणी सुरू करणारे ल्युसिन हे अमिनो आम्ल मात्र दर जेवणात अडीच-तीन ग्रॅम मिळालेले बरे, आणि त्यासाठी सोया हा सर्वांत सोपा मार्ग. चंक्स मीठ घातलेल्या गरम पाण्यात १० ते १५ मिनिटे भिजवून, दोनदा नव्या पाण्यात धुऊन घट्ट पिळावेत. पिळले नाहीत तर उग्र वास राहतो आणि मसाला आत शिरत नाही. सोयामुळे पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटते ही भीती आतापर्यंतच्या अभ्यासांत खरी ठरलेली नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

मटकी ८ ते १० तास भिजवून, पाणी काढून, फडक्यात बांधली की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड येतात. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो तेव्हा पूर्ण दिवस लागतो. पुरचुंडी गरम डब्यात ठेवावी. मोड आल्याने फायटेट (खनिजे शोषू न देणारा कडधान्यांतला घटक) घटते आणि लोह, जस्त अधिक शोषले जाते.

उष्मांक आणि पोट

वीगन जेवणात चोथा भरपूर, त्यामुळे पोट लवकर भरते आणि उष्मांक मात्र कमी पडतात. वजन वाढत नाही, उचल महिनोन्‌महिने त्याच आकड्यावर अडते, झोप बिघडते, सतत थंडी वाजते, मुलींची पाळी चुकते: ही प्रथिनांच्या नव्हे, उपाशीपणाच्या खुणा आहेत. पाळी सलग तीन महिने आली नाही तर व्यायाम कमी करून डॉक्टरांकडे जावे. हाडांचे नुकसान तोवर सुरू झालेले असते. स्नायू वाढवायचे असतील तर गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी जास्त हव्यात. त्या शेंगदाण्याचे कूट, तीळ, खोबरे, खुरासणीची चटणी, खजूर आणि मनुक्यांतून द्याव्यात. व्यायामाआधी तास-दीड तास केळी, मूठभर मनुके किंवा साधे पोहे पुरतात. त्या वेळी उसळ खाल्ली तर स्क्वॉटमध्ये (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकेत) खाली बसताना पोटातला गॅस आडवा येतो. दूध सोडून एकदम डाळी दुप्पट करू नयेत; दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवाव्यात, भिजवलेले पाणी टाकून द्यावे.

बी-१२ आणि इतर

बी-१२ वनस्पतींत भरवशाचे मिळत नाही. इडली, आंबवलेली पिठे, स्पिरुलिना (शेवाळाची पावडर) यांपैकी कशावरही विसंबू नये. सायनोकोबालामिन या बी-१२ च्या प्रकाराची रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्यातून दोनदा १००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, आणि ती पहिल्या दिवसापासून. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असते. साठा संपत आला की मुंग्या, थकवा आणि तोल जाणे सुरू होते. फॉलिक ॲसिड भरपूर असल्याने रक्तक्षय उशिरा दिसतो, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

कॅल्शियमसाठी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पट्ट्यातली नागली (नाचणी) अमोल आहे: १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम. प्रौढाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम, म्हणून जोडीला कॅल्शियम घातलेले सोया दूध आणि कॅल्शियम सल्फेटने घट्ट केलेला टोफू ठेवावा. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तासभर टाळावा. ओमेगा-३ स्निग्धाम्लांसाठी जवस कुटून खावा. अख्खा तसाच बाहेर पडतो. सैंधवात आयोडीन नगण्य असते, साधे आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

व्यायाम

वीगन खेळाडूचा व्यायाम वेगळा नसतो. नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), बेंच प्रेस (पाठीवर झोपून वजन वर ढकलणे), ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर नेणे) आणि रो (वाकून वजन पोटाकडे ओढणे) करावेत. प्रत्येकी ५ ते ८ आवर्तनांचे तीन सेट, मध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती. ठरलेली आवर्तने नीट झाली तर पुढच्या वेळी २.५ किलो वाढवावे. जोर-बैठका चांगल्याच, पण वजन न वाढवता संख्या शेकड्यांत नेली की दम वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा वजन आणि सेट दोन्ही कमी करावेत.

स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारे क्रिएटिन आहारात मांस-माशांतून येते, त्यामुळे शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो आणि पावडरीचा परिणाम त्यांच्यात ठळक दिसतो. बाजारातले क्रिएटिन मोनोहायड्रेट रासायनिक पद्धतीने तयार होते, म्हणून ते वीगन आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरे. सुरुवातीला किलोभर वजन वाढते ते स्नायूंतल्या पाण्याचे.

खरेदी करताना

पाकिटावरचा हिरवा ठिपका दूध असल्या-नसल्याचे काही सांगत नाही. दुधापासून केलेल्या व्हे प्रोटीनवरही तो असतो. भारतात २०२२ च्या वीगन खाद्यनियमांनुसार हिरव्या चौकटीतील पानासह ‘व्ही’ ही वेगळी खूण आहे, ती पाहावी. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आणि डी-३ जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचे असू शकते. दगडफुलाच्या जातीच्या शैवाकापासून केलेले डी-३ किंवा डी-२ चालते. खानावळीत वरणावर न विचारता तूप पडते, मिसळीसोबत दही येते आणि काही बेकऱ्यांच्या पावात दूध पावडर असते, त्यामुळे ऑर्डर देतानाच सांगावे. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी प्रत्येक बॅचची उत्तेजक द्रव्यांसाठी तपासणी झालेलीच पावडर घ्यावी. डब्यावर न लिहिलेला घटक शरीरात सापडला तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि डी जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आहार बदलण्यापूर्वी एकदा, सहा महिन्यांनी पुन्हा आणि नंतर दरवर्षी करावी. बी-१२ ची गोळी सुरू केल्यावर रक्तातला आकडा लगेच चढतो, म्हणून पहिला नमुना गोळी घेण्याआधीच द्यावा.