मास्क आधार वेगळं, बायोमेट्रिक लॉक वेगळं

लातूर-नांदेडकडं आजकाल आधारच्या सेफ्टीचा विषय निघाला की लोक म्हणतात, आम्ही मास्कवालं आधार काढून ठेवलंय, आता टेन्शन नाही. म्हणजे मास्क केलं की खात्यातले पैसेही सेफ, असं लई जण धरून चाललेत. तसं नाहीये, आणि हे नीट समजून घ्या कारण पैशाचा प्रश्न आहे.

मास्क आधारचं काम कागदापुरतं. बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात, बाकी फोटो, नाव, पत्ता सगळं तसंच. माय आधार पोर्टलवर ओटीपी टाकून लॉगिन करायचं, डाऊनलोड करताना मास्कच्या चौकोनावर टिक करायची, झालं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे सुनीता 1985 ची असेल तर एस यू एन आय 1985. लॉजवर रूम घेताना, लातूरला पोराला क्लाससाठी ठेवताना होस्टेलवाल्याला द्यायला हेच द्या, पूर्ण नंबरवाली झेरॉक्स देऊच नका. मे 2022 मधे यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बंगळुरू ऑफिसनं झेरॉक्स वाटू नका, मास्क वापरा असं पत्रक काढलं होतं, सरकारनं ते दोनच दिवसांत मागं घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. पण मास्कची सोय बंद झाली नाही, ती चालूच आहे. सरकारी योजनेच्या फॉर्मला मात्र पूर्ण नंबर लागतो, तिथं मास्क चालत नाही.

आता बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारवरचा आपला ठसा मशीनला चालू नये म्हणून बंद करून ठेवणं. हे कागदाचं नाही, तुमच्या बोटाचं आणि डोळ्याचं आहे. गावात बँक मित्राकडं मशीनवर अंगठा लावून पैसे काढतात ना, तिथं काय लागतं बघा: बँकेचं नाव, आधार नंबर आणि ठसा. ओटीपी येत नाही, पिन लागत नाही. आणि नंबर तर पीकविम्यापासून सिमकार्डापर्यंत दहा ठिकाणी आधीच देऊन झालाय, मास्क आज काढलं म्हणून तो परत येत नाही. राहिला ठसा. तो कुठून मिळणार म्हणाल तर खरेदीखतावरून. आपल्या नांदेडला लागूनच असलेल्या तेलंगणात 2018 मधे एका सिमकार्ड विकणाऱ्यानं रजिस्ट्रीच्या वेबसाइटवरून जमिनीची कागदपत्रं डाऊनलोड केली, त्यावरच्या अंगठ्याचे रबरी ठसे बनवले आणि ते मशीनला लावून लोकांच्या नावावर सिम चालू केले. पुढं हीच युक्ती खात्यातून पैसे काढायला वापरल्याच्या केसेस दुसऱ्या राज्यांत झाल्या. ज्यानं कधी शेत घेतलं-विकलं त्याचा ठसा कागदावर आहेच, म्हणून मला विचाराल तर शेतकऱ्यानं आधी लॉक लावावं, मास्कचं नंतर बघावं.

लॉकही त्याच पोर्टलवर किंवा आधारच्या मोबाईल अ‍ॅपवर लागतं. लावलं की तुमचा खरा अंगठा पण चालत नाही, मशीन 330 नंबरचा एरर दाखवतं आणि माणूस घाबरतो की आधार बंद पडलं. बंद काही पडत नाही, ओटीपीवाली कामं चालू राहतात, पीएम किसानची केवायसी ओटीपीनं होऊन जाते. अडचण येते ती रेशनला, कारण तिथं अंगठा लागतो. तेव्हा दुकानासमोर लाईनमधे उभं राहिल्यावर मोबाईलवरून तात्पुरतं अनलॉक करायचं, ते दहा मिनिटं उघडं राहतं आणि मग आपोआप परत लॉक होतं, म्हणून घरून अनलॉक करून निघू नका, पोचेपर्यंत टाईम संपून जातो.

तिथंच शेजारी आधार नंबर लॉक असा अजून एक पर्याय दिसतो, त्याला हात लावायची घाई करू नका. त्यानं बारा आकडी नंबरच चालायचा बंद होतो आणि त्याच्याऐवजी वापरायचा सोळा आकडी दुसरा नंबर, व्हीआयडी, लागतो, घरच्या म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही.

आणि यातलं काहीही करायचं तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. आपल्याकडं कितीतरी आई-आजींच्या आधारला पुण्याला गेलेल्या पोराचा नाहीतर कधीच बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. पोराचा असेल तर रेशनच्या दिवशी त्यानं फोन उचलायला पाहिजे, ओटीपी सांगायला पाहिजे, तोपर्यंत ती बिचारी लाईनमधे. तेव्हा पहिलं आधार केंद्रावर जाऊन घरातच राहणाऱ्या माणसाचा नंबर जोडून घ्या, लॉक त्यानंतर लावा.