क्विक कपलर सुटत नाही: पाचर अडकली आहे की तेल?

एक्स्कॅव्हेटरच्या आर्मवरील हायड्रॉलिक क्विक कपलरमध्ये, म्हणजे बकेट झटपट जोडण्या-सोडण्याच्या जोडणीत, एक लहान सिलिंडर पाचर किंवा आकडा पुढे ढकलून बकेटची पिन घट्ट धरून ठेवतो. केबिनमधला स्विच दाबूनही ही पकड सुटली नाही, की कपलर ‘जॅम’ झाला असे म्हणून घण उचलला जातो. वास्तविक या एकाच लक्षणामागे दोन अगदी वेगळे दोष असू शकतात. एकात पाचर माती, गंज किंवा भारामुळे अडकलेली असते. दुसऱ्यात पाचर मोकळीच असते, पण सिलिंडरमधल्या तेलाला बाहेर पडायला वाट नसते.

निदानाआधी बकेट सपाट जमिनीवर पूर्ण टेकवावी आणि हाताने घालायची सुरक्षा पिन असल्यास ती काढलेली आहे ना, हे पाहावे. स्विच दाबल्यावर सोलेनॉइडपर्यंत (विजेवर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइलपर्यंत) वीज पोहोचते का, हेही तपासावे.

तेल अडकण्याचा दोष अधिक फसवा असतो. होज फुटली तरी बकेट निखळू नये यासाठी सिलिंडरला चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) जोडलेला असतो आणि तो पकड धरणाऱ्या बाजूचे तेल कोंडून ठेवतो. सोडण्याच्या बाजूने पुरेसा दाब आला, तरच हा व्हॉल्व्ह उघडतो. तो दाब कमी पडला किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा शिरला, तर तो बंदच राहतो. इंजिन बंद करून लिव्हर हलवले की सगळा दाब उतरतो, हा समज येथे घातक ठरतो, कारण त्याने मुख्य लाइनमधला दाब उतरतो, चेक व्हॉल्व्हमागचा नाही.

दोन्ही दोषांतला फरक दाब मोजणाऱ्या गेजवर स्पष्ट दिसतो. सोडण्याचा आदेश दिल्यावर सोडण्याच्या बाजूला पूर्ण दाब आहे, पकडीच्या बाजूचा दाब जवळजवळ शून्य आहे आणि तरीही पाचर हलत नाही, तर ती यांत्रिकरीत्या अडकली आहे. पकडीच्या बाजूलाही दाब टिकून असेल, तर तेल कोंडले आहे. सोडण्याच्या बाजूला दाबच पोहोचत नसेल, तर कपलरला हात न लावता सोलेनॉइड, व्हॉल्व्ह आणि होज तपासावेत.

यांत्रिक दोषावर धीर धरूनच काम करावे लागते. पाचरेभोवतीची माती धुऊन काढावी, गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे आणि बकेट जमिनीवरच ठेवून कर्लची (बकेट आत-बाहेर वळवण्याची) किंचित पुढे-मागे हालचाल करत पकड आणि सोड आलटून पालटून द्यावी. बहुतेकदा पिनवरचा ताण उतरताच पाचर सरकते. ठोकणे अटळच झाले, तर मऊ धातूचा दांडा मध्ये धरावा, कारण कठीण पोलादावर कठीण पोलाद आदळले की ठिकऱ्या उडतात. सिलिंडरजवळ गॅसची ज्योत वापरू नये. सील जळतात आणि कोंडलेले तेल तापून दाब वाढतो.

तेल कोंडलेले असल्यास यांपैकी काहीच उपयोगाचे नाही. फिटिंग सैल करून तेल सोडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण बारीक फटीतून सुटलेली धार कातडी भेदून शरीरात जाते आणि वरून किरकोळ दिसणाऱ्या त्या जखमेवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. दाब कसा उतरवायचा हे कपलर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे जाणकार मेकॅनिकनेच ठरवावे आणि नंतर व्हॉल्व्ह साफ करावा किंवा बदलावा.

दोष कोणताही असो, दुरुस्तीनंतर बकेट पुन्हा जोडून ती जमिनीवर दाबावी, मागे ओढून पाहावी आणि पाचर पिनवर पूर्ण बसल्याची डोळ्यांनी खात्री करावी; तोपर्यंत बकेटच्या आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये.