कर्नल तोच, कंपायलर दुसरा

अँड्रॉइड फोनवर हौसेने वेगळा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, टाकणाऱ्या मंडळींत एक समजूत घट्ट बसली आहे: कर्नल ‘क्लँग’ या कंपायलरने (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने) कंपाइल केलेला असला की फोन पळू लागतो आणि बॅटरी जास्त टिकते. यावर विश्वास ठेवू नका. कर्नलमधले सर्वांत घाईचे भाग आधीच हाताने घासूनपुसून लिहिलेले असतात आणि फोनच्या प्रोसेसरचा बराचसा वेळ कर्नलमध्ये नाही, ॲपमध्ये जातो. कंपायलर बदलल्याने वेगात जो फरक पडतो तो मोजून काढावा लागतो, बोटांना कळत नाही.

या जाहिरातबाजीमागे खरी गोष्ट मात्र झाकली जाते, आणि ती फार रोमहर्षक आहे. अँड्रॉइडच्याही मुळाशी असलेला लिनक्स कर्नल नेहमीच्या जीसीसीऐवजी दुसऱ्या कंपायलरने, म्हणजे क्लँगने, नीट कंपाइल व्हावा म्हणून अनेक अभियंते जवळपास दशकभर झटत होते. सी भाषेचं प्रमाण ठरलेलं आहे, जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर ते पाळतात. मग एवढा वेळ का लागावा?

कारण लिनक्स कर्नल शुद्ध, प्रमाण सी भाषेत कधीच लिहिलेला नव्हता. तो जीसीसीच्या सीमध्ये लिहिला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी प्रसिद्ध केला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची पहिली वार्ता दिली, तेव्हाच तिच्यावर बॅश हा आज्ञा घेणारा प्रोग्राम आणि जीसीसी १.४० चालत असल्याचं सांगितलं होतं. पुढची वीस वर्षं दुसरा विचार क्वचितच झाला. फाब्रिस बेलार्ड यांनी २००४ मध्ये आपल्या चिमुकल्या टीसीसी कंपायलरने लिनक्सचा सोर्स कोड मशीन सुरू होतानाच कंपाइल करून दाखवला, तोही २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ वर पंधरा सेकंदांच्या आत! पण तो एक अचाट प्रयोग होता, रोजच्या वापराची वाट नव्हे. रोजच्या वापरात जीसीसी जे स्वीकारेल ते चालत राहिलं, आणि त्याच्या खास सवलती कर्नलभर पसरल्या.

क्लँग त्यामानाने तरुण. त्याच्या पोटातला, कोड घासूनपुसून मशीनच्या भाषेत उतरवणारा एलएलव्हीएम हा प्रकल्प क्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू केला. क्लँगचा कोड २००७ मध्ये खुला झाला. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमने आपल्या दहाव्या आवृत्तीत तो मुख्य कंपायलर म्हणून घेतलाही. लिनक्समध्ये मात्र पावलोपावली ठेच लागत होती.

काही अडथळे कर्नलनेच आपलं वागणं सुधारून दूर केले. उदाहरणार्थ, स्ट्रक्चरच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) आत ज्याची लांबी प्रोग्राम चालताना ठरेल असा ॲरे (किमतींची रांग) ठेवायची मुभा जीसीसी देतो. क्लँगवाल्यांनी ती कधीच देणार नाही असं स्वच्छ सांगितलं. कर्नलमधल्या कूटलेखनाच्या कोडमधून ते ॲरे एकेक करून काढावे लागले, आणि पुढे २०१८ मध्ये लिनक्स ४.२० पर्यंत असे बदलत्या लांबीचे सगळेच ॲरे हद्दपार झाले. बरंच झालं. ६४-बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरवर कर्नलचा स्टॅक (फंक्शनना तात्पुरती मिळणारी मेमरी) जेमतेम १६ किलोबाइटचा असतो. त्यात आयत्या वेळी फुगणारा ॲरे ठेवणं धोक्याचंच.

माझा लाडका अडथळा मात्र वेगळा आहे. त्याचं नाव ‘एएसएम गोटू’.

कर्नलमध्ये ठिकठिकाणी ट्रेसपॉइंट पेरलेले असतात: ‘इथे काय घडलं ते नोंदव’ अशी सोय. एरवी त्या सगळ्या सोयी बंद असतात. साधा प्रोग्रामर तिथे एक ‘इफ’ लिहील, म्हणजे झेंडा वर असेल तर नोंद कर. पण मग दर वेळी झेंड्याची किंमत मेमरीतून आणा, तपासा, उडी मारायची की नाही ते ठरवा. सेकंदाला लाखो वेळा चालू शकणाऱ्या कोडमध्ये हा प्रश्न विचारत राहायचा, आणि उत्तर जवळजवळ कायम ‘नाही’!

कर्नलवाल्यांनी प्रश्नच काढून टाकला. त्या जागी ‘काहीही करू नको’ असं सांगणारी पाच बाइटची सूचना बसवली, तिला नॉप म्हणतात. ट्रेसिंग सुरू करायचं ठरलं की कर्नल चालता चालता स्वतःचाच मशीन कोड बदलतो आणि नॉपच्या जागी तेवढ्याच लांबीची उडीची सूचना लिहितो. रेल्वेचा सांधा बदलावा तसं हे आहे: गाडीला काही विचारायचं नाही, रूळच हलवायचा.

आता यातली नजाकत पाहा. हा कोड बदलत असताना प्रोसेसरचा दुसरा एखादा कोअर नेमका तिथूनच जात असेल तर? अर्धी जुनी, अर्धी नवी सूचना त्याच्या हाती पडली तर सगळंच कोसळेल. म्हणून आधी फक्त पहिल्या बाइटवर ब्रेकपॉइंटची (‘इथे थांब’ अशी) एक बाइटची सूचना लिहितात. मग सगळ्या कोअरना तिची दखल घ्यायला लावतात. त्यानंतर उरलेले चार बाइट बदलतात, पुन्हा सगळ्यांना जागं करतात, आणि शेवटी पहिला बाइट बदलतात. मधल्या काळात कोणी तिथे आलाच, तर तो ब्रेकपॉइंटवर अडतो आणि कर्नल त्याला योग्य ठिकाणी पोहोचवतो. एकही कोअर बंद न पाडता चालतं इंजिन उघडून दुरुस्त करण्याचं हे काम मला अजूनही थक्क करतं.

पण यात कंपायलरचा काय संबंध? नॉप लिहिली जाते ती सीच्या मधोमध घुसवलेल्या असेंब्लीच्या (मशीनच्या सूचनांच्या भाषेच्या) तुकड्यात. नोंद करणारा कोड बाहेर, एका लेबलपाशी (कोडमधल्या नाव दिलेल्या जागेपाशी). कंपायलरला वाटतं, या लेबलकडे कोणीच येत नाही, मग हा कोड कशाला ठेवायचा? तो उडवून टाकतो. म्हणून ‘या असेंब्लीतून त्या लेबलकडे उडी जाऊ शकते’ हे कंपायलरला सांगण्याची सोय हवी. ती म्हणजे एएसएम गोटू. जीसीसी ४.५ मध्ये, २०१० साली ती आली.

एलएलव्हीएमला हे पचणं अवघड होतं. तो प्रत्येक फंक्शनचे सरळसोट तुकडे पाडतो, त्यांना बेसिक ब्लॉक म्हणतात. नियम असा की वाटा फुटणार त्या फक्त ब्लॉकच्या शेवटी. मधे घुसवलेली असेंब्ली ही साध्या कॉलसारखी, ब्लॉकच्या मध्यात बसणारी सूचना मानली जायची. तिच्यातूनच वाटा फुटू लागल्या तर रजिस्टर (प्रोसेसरमधले चिमुकले कप्पे) वाटण्यापासून सगळे हिशेब चुकणार. त्यामुळे एलएलव्हीएमच्या अंतर्गत भाषेत ‘कॉलबीआर’ नावाची नवीच सूचना घालावी लागली: असेंब्लीही चालवते आणि ब्लॉकही संपवते. दरम्यान २०१८ मध्ये कर्नलने इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी एएसएम गोटू सक्तीचं केलं, आणि क्लँगने तिथला बिल्ड होईना. २०१९ मध्ये क्लँग ९ आला तेव्हा ही कोंडी फुटली. पुढे असेंब्लीतून उडी आणि उत्तर दोन्ही बाहेर काढण्याची सोय तर क्लँगने जीसीसीच्या आधी दिली!

एवढा खटाटोप कशासाठी, तर वेगासाठी नव्हे. दोन कंपायलर एकाच कोडकडे दोन नजरांनी पाहतात आणि वेगवेगळ्या चुकांबद्दल इशारे देतात. कंपायलर काय गृहीत धरतो यावर किती अवलंबून असतं, हे २००९ मध्ये दिसलं होतं. टीयूएन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आधी वापरला होता आणि तो शून्य आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसीने तर्क केला: वापरलाच आहे, म्हणजे शून्य असणार नाही. तपासणी त्याने काढून टाकली, आणि हल्लेखोराला दार उघडं मिळालं. तेव्हापासून ‘शून्याच्या तपासण्या काढू नको’ अशी आज्ञा कर्नल कंपायलरला देतो. क्लँगलाही ती आज्ञा शिकवावी लागली.

दुसरा लाभ संरक्षणाचा. गूगलचा २०१७ चा पिक्सेल २ फोन क्लँगने बांधलेला कर्नल घेऊन बाजारात आला. २०१८ च्या पिक्सेल ३ मध्ये त्यावर सीएफआय हा पहारा बसला: फंक्शन पॉइंटरमधून होणारा कॉल योग्य प्रकारच्याच फंक्शनकडे जातो ना, हे आधी तपासायचं. लिनक्स ६.१ मधल्या नव्या रूपात प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी त्याच्या प्रकाराची खूण लिहिलेली असते. खूण जुळली नाही तर कॉल तिथेच थांबतो.

आज हे सगळं करून पाहणं सोपं झालं आहे. लिनक्स ५.७ पासून कर्नल बांधणाऱ्या मेक आज्ञेला ‘एलएलव्हीएम=१’ एवढं जोडलं की कंपायलर, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) आणि बाकीची साधनं एलएलव्हीएमची घेतली जातात. आणि गंमत म्हणजे रस्ट भाषेतले ड्रायव्हर हवे असतील, तर जीसीसीने कर्नल बांधणाऱ्यालाही क्लँगची लायब्ररी बसवावी लागते, कारण सीची हेडर (घोषणांच्या फाइली) वाचून रस्टला समजावणारं साधन तिच्यावरच उभं आहे.