पाना खोटं बोलतो का? अडत्याच्या वजनाला विचारा

दारव्ह्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, तिथे माझं येणंजाणं असतं. मागच्या सोयाबीनच्या हंगामात तिथल्या एका ट्रॅक्टरचं हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सील) महिन्याभरात दोनदा उडालं. मालकाने नारळ फोडला, पुढच्या जाळीला लिंबू-मिरची बांधली. मी मिस्त्रीला विचारलं, हेडचे बोल्ट आवळायचा टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की कट्ट वाजणारा, शेवटचा कधी तपासला? तो म्हणाला, "त्यात काय तपासाचं सर, कट्ट तर बराबर वाजून राह्यला."

गोम इथेच आहे. पाना वाजतो हे खरं, पण तो कितीला वाजतो?

या पान्यात वीज नाही, सेल नाही. दांड्याच्या नळीत एक दणकट स्प्रिंग असते. मूठ फिरवली की ती दाबली जाते आणि पुढचा एक लहानसा ठोकळा पान्याच्या डोक्याची शेपटी सरळ धरून ठेवतो. आपला जोर स्प्रिंगच्या आवाक्याबाहेर गेला की ठोकळा कलंडतो आणि शेपटी नळीला आतून आपटते. तोच तो कट्ट. पाना मोठ्या आकड्यावर लावून तसाच महिनोन् महिने पेटीत ठेवला, तर स्प्रिंग हळूहळू बसते. मग कमी जोरालाच कट्ट वाजतं, बोल्ट ढिले राहतात आणि दोष जातो ग्रहदशेला.

आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १० न्यूटन-मीटरच्या (हे टॉर्कचं एकक) वरच्या अशा पान्याला ४ टक्के इकडेतिकडे चालतं. वापरणाऱ्याने वेगळी मुदत ठरवली नसेल, तर १२ महिने किंवा ५००० कट्ट, जे आधी होईल तेव्हा तपासणी करायची. पण त्यासाठी पाना घेऊन नागपूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून मी म्हटलं, आधी इथेच पाहू.

टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर, हे शाळेत झालेलं आहे. अडत्याकडून २० किलोचं लोखंडी वजन मागून आणलं. वैध मापनचा शिक्का पाहून घेतला. अशा वजनांची फेरपडताळणी दर २ वर्षांनी व्हावी लागते. पान्याचा चौकोन (ज्यावर सॉकेट बसतो तो) बेंच व्हाइसमध्ये आडवा पकडला, दांडा जमिनीला समांतर ठेवला आणि चौकोनाच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर, मुठीच्या मधोमध, वजन टांगलं. खाली पोतं ठेवलं, पाय लांब. विदर्भात गुरुत्वीय त्वरण ९.७९ च्या आसपास आहे. २० × ९.७९ × ०.५ म्हणजे ९७.९ न्यूटन-मीटर.

इतक्यावर थांबणारे बरेच जण फसतात, कारण दांड्यालाही वजन असतं आणि तोही खाली ओढतच असतो. तो किती ओढतो? चौकोन एका धारेवर टेकवायचा, ५० सेंटिमीटरची खूण तेवढ्याच उंचीवरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. आमचा काटा ४८० ग्रॅम म्हणाला. ०.४८ × ९.७९ × ०.५, म्हणजे आणखी २.३५. एकूण झाले १०० आणि थोडे वर. ही भर विसरलात तर ४ टक्क्यांतला अर्ध्याहून जास्त वाटा तिथेच गेला!

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ठोकळ्याला जाणवणारा टॉर्क बोल्टभोवतीचा नसतो, तो डोकं आत ज्या खिळीवर कलतं, तिच्याभोवतीचा असतो. समजा खिळी चौकोनापासून ४ सेंटिमीटरवर आहे. हात ५० वर असेल, तर बोल्टला मिळतं खिळीच्या ५०/४६ पट, म्हणजे १.०८७. दांड्याला पाइप घालून हात १०० वर नेला, तर १००/९६, म्हणजे १.०४२. आकडा तोच, कट्ट तोच, आणि बोल्टला ४ टक्के कमी. (गणित नको असेल त्यांनी एवढंच धरावं: पाइप घालू नका, मूठ मधोमध धरा.)

आधी पाना कमाल आकड्यावर पाचदा वाजवून मोकळा केला. मग सेटिंग ८० वर ठेवून वजन अलगद सोडलं. धपकन सोडलं तर क्षणभर दुप्पट जोर बसतो. वाजलं. वजन उचललं, सेटिंग वाढवलं, पुन्हा सोडलं. असं वर वर जात ११४ लाही वाजलं, ११६ ला थांबलं. म्हणजे मिस्त्री १०० लावायचा तेव्हा बोल्टला ८७-८८ च मिळत होते. "आता समजलं बाप्पा, गॅस्केट काहून उडे तं," मिस्त्री म्हणाला.

पाच वेळा केलं, पाचही वेळा जवळजवळ तोच आकडा आला. ही खर्च वाचवणारी खूण आहे. चूक एकसारखी असेल तर बहुधा स्प्रिंगचा दाब ठरवणारा स्क्रू फिरवून भागतं. आकडा दर वेळी उड्या मारत असेल, तर आतलं ग्रीस वाळलंय किंवा ठोकळा झिजलाय. मग उघडून साफसफाई, नाहीतर सुटे भाग. रॅचेटचे दात गेले असतील, तर आधी नव्या पान्याची किंमत विचारा.

ही घरची पडताळणी आहे, प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी टॉर्कसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेलीच प्रयोगशाळा गाठावी. दोन-चार गॅरेजवाल्यांनी पाने एकत्र पाठवले तर खेप वाचते. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे लेखी मागा. नव्या स्वस्त पान्याच्या डब्यात 'कॅलिब्रेशन सर्टिफिकेट' म्हणून एक चकचकीत कागद येतो. त्यावर पान्याचा नंबर नसेल, मोजलेले आकडे नसतील, तर त्याची जागा लिंबू-मिरचीशेजारी.

मिस्त्रीने स्क्रू सरकवला. १० किलो, २० किलो आणि दोन वीसांवर पुन्हा पाहिलं, तिन्हीकडे फरक ४ टक्क्यांच्या आत आला. आता रात्री शटर ओढण्याआधी तो मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो. अडत्याचं वजन मात्र अजून गॅरेजमध्येच आहे, आणि त्याचा पोरगा दोनदा विचारून गेलाय.