पुठ्ठ्याआडचा हात

रेकी म्हणजे हातांतून ऊर्जा देऊन बरं करण्याचा दावा करणारी उपचारपद्धत. ती घेऊन आलेला माणूस ‘बरं वाटलं’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण बरं वाटलं ते ऊर्जेमुळे, की कुणीतरी आपल्याजवळ शांतपणे बसलं म्हणून? गोळीच्या बाबतीत हे तपासणं सोपं. अर्ध्या रुग्णांना औषध द्यायचं, उरलेल्यांना हुबेहूब तशीच साखरेची गोळी. हातातून दिल्या जाणाऱ्या ऊर्जेची साखरेची गोळी कशी करायची?

अमेरिकेत रेकीसारखीच ‘थेरप्युटिक टच’ नावाची पद्धत आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात नर्सिंग शिकवणाऱ्या डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुन्झ यांच्यासोबत ती १९७०च्या दशकात उभी केली. नावात ‘टच’ असला तरी रुग्णाला स्पर्श करावा लागत नाही. अंगापासून काही इंचांवरून हात फिरवायचे, ऊर्जाक्षेत्र चाचपायचं आणि बिघडलेलं सुरळीत करायचं. कोलोरॅडोतल्या एमिली रोझाने वयाच्या नवव्या वर्षी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी, याचं मूळच तपासायला घेतलं. रोग बरा होतो का, हे तिने विचारलंच नाही. ऊर्जाक्षेत्र हाताला कळतं का, एवढंच विचारलं.

मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा, त्याला खाली भोकं. उपचारकाने त्यातून दोन्ही हात पलीकडे सरकवायचे, तळवे वर. एमिली नाणं उडवायची आणि ठरेल त्या तळव्यावर ८-१० सेंटिमीटरवर आपला हात धरायची. सांगा, डावा की उजवा? एक ते २७ वर्षांचा अनुभव असलेले २१ उपचारक या परीक्षेला बसले. २८० प्रयत्नांत १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसती ठोकून दिली असती तरी निम्म्याच्या आसपास बरोबर आली असती! १९९८ साली हा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा एमिली ११ वर्षांची होती. इतका स्वच्छ प्रयोग मोठ्यांच्याही हातून क्वचितच होतो.

यावर आक्षेप आला की एमिली धडधाकट होती, आजाऱ्याचं ऊर्जाक्षेत्र वेगळं असतं. आक्षेप तपासण्याजोगा आहे, म्हणून रुग्णांवरच्या चाचण्या पाहायला हव्यात. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, असलेल्या १०० जणांची चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. काहींना खरे रेकी मास्टर मिळाले, तर काहींना रेकी देण्याचा नुसता अभिनय करणारे नट. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. वेदनेवर रेकीचा काहीच परिणाम दिसला नाही.

मला मात्र २०११ची केमोथेरपीची चाचणी जास्त महत्त्वाची वाटते. १८९ रुग्णांचे तीन गट केले: एकाला रेकी, दुसऱ्याला लटकी रेकी, तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. पहिल्या दोन्ही गटांना तिसऱ्यापेक्षा खरोखर बरं वाटलं, आणि त्या दोघांत फरक नव्हता. म्हणजे आराम खरा होता, ऊर्जेची गरज नव्हती. सलाइन चालू असताना एक नर्स फक्त आपल्यासाठी शेजारी थांबली आहे, याचाच तो गुण, असं संशोधकांनीही लिहिलं. त्यासाठी रेकीची दीक्षा लागत नाही; वॉर्डात तेवढ्या नर्स लागतात.