अमेरिकेत आरएन की एलपीएन? कागद गोळा करण्याआधी हे वाचा

जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींना काही एजंट सांगतात, "आधी एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, आरएनच्या खालची पायरी) म्हणून जा, आरएन (रजिस्टर्ड नर्स) तिकडे गेल्यावर व्हा." कृपा करून हे ऐकू नका. शिक्षण पूर्ण असेल तर थेट आरएनसाठीच अर्ज करा.

कारण व्हिसाच्या नियमांत आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या 'शेड्यूल ए' या तुटवड्याच्या कामांच्या यादीत आरएन आहे, त्यामुळे स्थानिक नर्स मिळत नाही हे रुग्णालयाला जाहिराती देऊन सिद्ध करावं लागत नाही. एलपीएन (कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये तिलाच एलव्हीएन म्हणतात) त्या यादीत नाही. शिवाय २०२४ च्या सरकारी आकड्यांत आरएनचा मध्यम वार्षिक पगार ९३,६०० डॉलर, तर एलपीएनचा ६२,३४० डॉलर आहे. एलपीएनना काम सगळ्यात जास्त वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये मिळतं.

आरएनसाठी जनरल नर्सिंगचं शिक्षण आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार या चारही विषयांची थिअरी व वॉर्डातली ड्युटी झालेली असावी. नुसत्या एएनएमवर (सहायक नर्स-दाईचा कोर्स) हे जमत नाही. पण रजिस्टर्ड एएनएमला इथे जीएनएमला प्रवेश मिळतो, तो मार्ग घ्या.

आधी शिक्षणाची तपासणी (बहुतेक ठिकाणी परदेशी नर्सांचे कागद तपासणाऱ्या सीजीएफएनएस या संस्थेकडून, तिचं नाव आता ट्रूमेरिट), मग ज्या राज्याचं लायसन्स हवं तिथल्या बोर्डाकडे अर्ज आणि लायसन्ससाठीची एनक्लेक्स-आरएन परीक्षा. ही परीक्षा मुंबईतही देता येते. ८५ ते १५० प्रश्न, पाच तास. इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसासाठी शिक्षण, लायसन्स तपासल्याचं व्हिसास्क्रीन प्रमाणपत्रही लागतं.

आपल्याकडे गाडी अडते ती नावापाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं, मधे नवऱ्याचं. तिकडच्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच काढून ठेवा आणि सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव लिहा. ट्रान्सक्रिप्ट (विषय, तास, गुणांचा अधिकृत तक्ता) तुमच्या हातून चालत नाही. कॉलेजने आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने आपापले कागद थेट पाठवायचे असतात. म्हणून कॉलेजात स्वतः जाऊन पाठपुरावा करा, नुसत्या फोनवर विसंबू नका.

भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून जास्त आहे. आरएनचा नंबर तिथल्या मालकाने (रुग्णालयाने) ग्रीन कार्डासाठी याचिका दाखल केली त्या तारखेपासून लागतो. तोवर इथली नोकरी सोडू नका, आणि कौन्सिलचं नूतनीकरण चुकवू नका.