दिवा न पुसता गाडी आणा
जुनी स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच घेतलेल्या ग्राहकांसाठी, आमच्या जळगाव एमआयडीसीतल्या गॅरेजकडून

पोलो जीटी, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, मिनी, एखादी ऑडी टीटी किंवा झेड-फोर. आता अशा गाड्या भुसावळ, अमळनेर, शिरपूरकडेही दिसतात. बहुतेक पुण्या-मुंबईहून किंवा सुरतहून आलेल्या. काही दिल्लीहूनही येतात, कारण तिकडे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांच्या मर्यादेचा धाक असल्याने गाडी स्वस्तात निघते. हौसेने घेतलेली गाडी पहिल्यांदा आमच्याकडे येते तेव्हा मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: "रिमॅप केलं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली) तर किती बीएचपी वाढतील?" रिमॅपबद्दल पुढे सांगितलं आहे. त्याआधी एक विनंती, कारण हे पत्रक आम्ही मुख्यतः तिच्यासाठीच छापलं आहे.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर तो पुसून गाडी आणू नका.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा, मोबाईलला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर आता कुणाकडेही असतो. तो जरूर घ्या, चांगली वस्तू आहे. अडचण त्यातल्या 'क्लिअर' या बटणाची आहे. पारोळ्याकडच्या एका ग्राहकाने गाडी लावता लावताच सांगितलं होतं, "भाऊ, दिवा ते मी मिटाई टाका", म्हणजे दिवा मी पुसून टाकला. त्यांना वाटलं, आमचं निम्मं काम हलकं झालं. त्या एका बटणाने आमचे चार दिवस गेले.

दिवा लागतो तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर नुसता कोड ठेवत नाही. दोष दिसला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम किती होते, गाडीचा वेग किती होता, कूलंट किती तापलं होतं, इंजिनवर लोड किती होता आणि पेट्रोल किती कमी-जास्त करून सोडलं जात होतं, हे सगळं तो लिहून ठेवतो. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष पकडायचा तर आमच्या दृष्टीने कोडपेक्षा ही नोंद मोलाची. 'क्लिअर' दाबलं की कोडबरोबर तीही जाते. शिवाय गाडीने स्वतःच्या चाचण्या करून जमवलेली माहितीही शून्यावर येते आणि ती पुन्हा जमायला गाडी बऱ्यापैकी चालवावी लागते. कित्येक दोष तर लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लावतात. म्हणजे पुसलेली गाडी आमच्या शेडमध्ये उभी राहते ती निरोगी दिसत. बॅटरीची तार काढून पुन्हा लावली तरी बऱ्याच गाड्यांत हेच होतं.

पारोळ्याच्या त्या गाडीचंच सांगतो. दोन लिटरची टर्बो पेट्रोल, दुसरा मालक, तक्रार एकच: चढावर पिकअप नाही. स्कॅन केलं तर कोड नाही. जागेवर सगळी रीडिंग नीट. भुसावळपर्यंत ट्रायल मारून आलो, गाडी छान पळाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चाळीसगाव ओलांडून कन्नडच्या घाटात नेली, चार माणसं बसवून. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन एक लांब चढ घेतला आणि दिवा लागला. कोड पी-०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. फ्रीझ फ्रेममध्ये ३,००० च्या आसपास आरपीएम, भरपूर लोड, कूलंट चांगलं तापलेलं.

चौथ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पाइपांत धूर सोडून पाहिलं, कुठेच गळती नाही. मग तासभर गाडी पळवून आणली आणि इंजिन गरम असतानाच कॉम्प्रेसरने पाइपांत हवेचा दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारत गेलो. बंपरच्या आत, टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या होज पाइपला खालच्या वळणावर बुडबुडे आले. आधीच्या कुणीतरी बाहेरचा इंटरकूलर बसवताना क्लॅम्प इतका आवळला होता की रबराला नखाएवढी चीर गेली होती. थंड असताना ती मिटलेली राहायची, तापून दाब आला की उघडायची. पाइप बदलायला पाऊण तास लागला. ग्राहकाने हाच कोड ११ वेळा पाहून ११ वेळा पुसला होता. पहिल्याच वेळी त्याने स्क्रीनचा फोटो काढून आम्हाला पाठवला असता, तर सकाळी आलेली गाडी संध्याकाळी घरी गेली असती.

म्हणून एवढंच करा. दिवा लागला की स्कॅनर लावा, कोड आणि फ्रीझ फ्रेम या दोन्ही पानांचे फोटो काढा आणि व्हॉट्सअॅपवर पाठवा. गाडी त्या वेळी काय करत होती तेही लिहा: चढ होता का, एसी चालू होता का, नुकतंच पेट्रोल भरलं होतं का. फोटो पाहून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.

दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर सावकाश चालवत आणायला हरकत नाही. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी मिसिंग मारतेय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद करा आणि सपाट पाठीच्या टोइंग गाडीवरच आणा. "गॅरेज दोनच किलोमीटर होतं" म्हणून चालवत आणलेल्या गाडीचं इंजिन आम्ही उघडलेलं आहे.

हाच नियम गाडी विकत घेतानाही उपयोगी पडतो. दिवा नाही, कोडही नाही, पण स्कॅनरमध्ये रेडीनेसच्या पानावर गाडीच्या स्वतःच्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर विकणाऱ्याने नुकतंच काहीतरी पुसलं असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता मोठी. त्याला सरळ विचारा आणि ५०-६० किलोमीटर चालवल्याशिवाय टोकन देऊ नका. व्यवहाराआधी गाडी आम्हाला दाखवायची असेल तर धुळे-नंदुरबारपर्यंत आम्ही येतो.

आता रिमॅप. आम्ही रिमॅप करतो आणि आवडीने करतो. पण पहिली पूर्ण तपासणी झाल्याशिवाय करत नाही. यावरून काही ग्राहक नाराज होऊन दुसरीकडे गेले, हे आम्हाला माहीत आहे. आमचं कारण साधं आहे. रिमॅपने टर्बोचा दाब वाढतो. दहा वर्षांचे होज पाइप, जुने प्लग, थकलेली कॉइल आणि घसरायला आलेला क्लच हे सगळं मूळ दाबावर कसंबसं चाललेलं असतं. दाब वाढला की ते एकामागून एक बोलायला लागतं, आणि मग दोष रिमॅपचा की गाडीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय जुन्या गाडीत आधीच्या मालकाने रिमॅप करून ठेवलेलं असू शकतं. त्यावर आणखी एक चढवला तर काय होईल, ते गाडी उघडल्यावरच कळतं.

पहिल्या तपासणीत आम्ही इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, प्लग, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदलतो. बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नाही, वर्षांवरही पाहतो. कमी चाललेल्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर त्याचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, आणि आधीच्या मालकाकडे त्याचं बिल क्वचितच सापडतं. बिल नाही म्हणजे बदललेलं नाही, असंच आम्ही धरतो. कंपनी इंजिन ऑइल १५,००० किलोमीटरला बदलायला सांगत असली तरी टर्बो पेट्रोलला आम्ही ७,५०० किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, धरतो. आमच्याकडची धूळ आणि मे महिन्यातला ४४-४५ अंशांचा पारा बघता हा खर्च वायफळ नाही.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर रेडिएटरबद्दल बोलतो. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ आणि हंगामात कापसाच्या गाड्यांमागे उडणारे पुंजके एसीच्या कंडेन्सरमध्ये जाऊन बसतात, आणि त्याच्या मागे असतात इंटरकूलर नि रेडिएटर. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते. बंपर काढल्यावर मधल्या फटीत नमद्यासारखा थर निघतो. बाहेरून जोराचं पाणी मारलं तर तो आणखी आत दबतो आणि पातळ पत्रे वाकतात. बंपर उतरवून, आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने धुवावं लागतं. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा. 'गाडी गरम होते' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांना एवढ्यानेच आराम पडला आहे, थर्मोस्टॅट किंवा पंप बदलावा लागला नाही.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर वेगाने गाडी चालवू नका. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. नव्या डॉट-४ प्रतीच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शिरल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. तोरणमाळचा घाट उतरताना पेडल मऊ पडतं ते अशा गाड्यांचं. दर दोन वर्षांनी बदला, खर्च किरकोळ आहे.

गाडी फक्त रविवारी काढत असाल तर टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलही पाणी ओढून घेतं. आठवड्यातून एकदा पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवणं त्यात धरू नका.

गाडी खाली बसवण्याबद्दल. स्प्रिंग कापून आम्ही गाडी खाली करत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. चांगल्या कंपनीच्या थोड्या बुटक्या स्प्रिंग बसवता येतात, पण आधी लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि शॉकअॅब्सॉर्बर बदला. अनेकांना तेवढ्यानेच गाडी नवी वाटते आणि स्प्रिंगचा विचार मागे पडतो. मोठे रिम आणि पातळ टायर आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर टिकत नाहीत.

कायद्याचंही सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर लिहिलेल्या गोष्टी कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून इंजिन बदलणं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं, गावाला ऐकू जाईल असा सायलेन्सर लावणं ही कामं आम्ही घेत नाही. जे बदल करतो त्यांचं बिल देतो. ते विमा कंपनीला कळवा. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा क्लेम अडकू शकतो.

तपासणीचे १,५०० रुपये वेगळे का, असं बरेच जण विचारतात. दोष शोधणं हे आमचं मुख्य काम आहे, पार्ट बसवणं त्यानंतरचं. शोधायला मेहनत न घेता अंदाजाने तीन पार्ट बदलले, तर तुमचे पंधरा-वीस हजार जातात आणि दिवा चौथ्या दिवशी परत लागतो. काम आमच्याकडेच केलंत तर हे १,५०० अंतिम बिलातून वजा होतात. बदललेला प्रत्येक जुना पार्ट डब्यात घालून तुमच्या डिकीत ठेवतो, तो बघून घ्या.

येताना आरसी, आधीच्या मालकाची मिळतील तेवढी बिलं, दोन्ही चाव्या आणि अलॉय व्हीलच्या लॉकची चावी आणा. लॉकची चावी राहिली तर चाक निघत नाही आणि अख्खा दिवस जातो. टाकी निम्मी तरी भरलेली असू द्या, ट्रायल लांबची असते. एप्रिल-मेमध्ये ट्रायल सकाळी सहालाच निघते, त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळी सोडा. मालकाने शेजारी बसायला यावं, अशी आमची इच्छा असते. चढावर नेमकं कुठे पिकअप जातं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा आधी जाणवतं.